भुऱ्याचं डोकं कोणी धरायचं?

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसला आहात. मांजराची टोपली मांडीवर घेऊन एक आजी तशाच बसल्या होत्या. शेजारी एक मुलगी आणि तिचे बाबा. बाबांच्या बुटावर हनुवटी टेकून त्यांचा कुत्रा भुऱ्या पडला होता. मुलीची उद्या इंग्रजीची परीक्षा. बाबा पॅसिव्ह व्हॉइसची उजळणी घेत होते आणि आजींचे कान तिकडेच लागले होते.

“भुऱ्याला रोज जेवू घालतात. सांग इंग्रजीत.”

“भुऱ्या इज फेड एव्हरी डे. आधी इज, मग क्रियापदाचं तिसरं रूप.”

“शाब्बास. कोणाकडून?”

“ते नाही सांगितलं तरी चालतं, बाई म्हणाल्यात.”

“सोयीचं आहे. आणि अंघोळ?”

“भुऱ्या इज वॉश्ड एव्हरी संडे.”

“कोणाकडून?”

“बाबा, सगळीकडे ‘बाय माय फादर’ लिहिलं तर बाई हसतील.”

“हसू देत. याला घरी आणताना ‘सगळं मी करीन’ कोण म्हणालं होतं?”

“मीच. पण तो माझाच आहे ना?”

“त्यालाच विचार की.”

तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला.

“इंजेक्शन द्यायचंय. हा ज्याचं ऐकतो, त्यानं डोकं धरायला आत या.”

मुलगी टुणकन उठली, तिने पट्टा ओढला. भुऱ्या बाबांकडे बघत बसून राहिला.

“तुम्हीच धरा, बाबा. पण उद्या सकाळी याला मी फिरवणार.”

“उद्या परीक्षा आहे, बाईसाहेब.”

“म्हणूनच. एका वाक्यात तरी ‘बाय मी’ लिहिता येईल.”

तिने पट्टा बाबांच्या हातात दिला आणि भुऱ्याला मागून ढकलत आत नेलं.