कोरा चेहरा

...आणि वर मलाच दगड म्हणतात! आता तुम्हीच सांगा, मंगळवारची सकाळ, मी फरशी पुसत होते, वहिनीचा फोन आला, "तुझे दादा गेले गं." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि राहिलेली फरशी पुसून काढली! कोपऱ्यासकट! नणंद बघतच राहिली. पण दोष माझा नाही हो... दोष त्या कोर्सचा.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी शिकायला गेले. आमच्या बाई पहिल्याच दिवशी कडाडल्या, "पेशंट पडद्याकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो! भुवईसुद्धा हलता कामा नये. काही विचारलं तर एकच उत्तर... ते डॉक्टर सांगतील."

सोपं वाटतं? पहिल्या पेशंटची झडप अशी सुरेख उघडमीट करत होती, की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. झालं! आजोबा जेलने माखलेल्या छातीनिशी ताडकन उठून बसले. "किती दिवस उरलेत?" अहो, ठणठणीत होते! बाईंनी मला बाहेर काढलं.

मग काय, आरशासमोर सराव. भाजी ढवळताना सराव. मुलगी विचारतेय, "आई, हा ड्रेस कसा दिसतो?" मी कोरी. नवरा विचारतोय, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "ते डॉक्टर सांगतील." दोन दिवस घाबरून भांडी घासली त्याने!

आता परीक्षेआधी सरावाला माणसं लागतात. कोण येणार? दादा आला. माझा थोरला भाऊ, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "चिमे, फुकट आहे ना? मग दोनदा बघ!" डाव्या कुशीवर झोपवला, जेल लावलं तर ओरडला, "बर्फ फासतेस की काय!" म्हटलं, "दादा, श्वास सोड, धर, आणि देवासाठी गप्प बस." बसला एकदाचा.

आणि पडद्यावर ते आलं.

चांगलं हृदय कसं, पिळा घातल्यासारखं आवळतं. दादाचं... दमलेल्या माणसाने भिडेखातर टाळी वाजवावी ना, तसं. मी मोजमाप केलं. पुन्हा केलं. मशीन चुकतं का हो कधी? तेवढ्यात आवाज आला, "काय दिसतंय गं?" माझ्या तोंडाकडेच बघत होता. लहानपणी मी खोटं बोलले की बघायचा ना, अगदी तसाच.

मी म्हटलं, "ते डॉक्टर सांगतील."

"वा! पास झालीस बघ!" म्हणाला, आणि खो खो हसला. बाई मागेच उभ्या होत्या. पडदा बघून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आणि माझ्या वहीत शेरा लिहिला, 'चेहरा: उत्तम.'

डॉक्टरांनी सांगितलं. औषधं झाली, दवाखाना झाला. सहा आठवडे.

परवा वहिनीने विचारलं, "तुला तेव्हाच दिसलं होतं ना?" माझं तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडावं? तेच! वहिनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवून आत निघून गेली.

प्रमाणपत्र आलंय. छान जाड कागद आहे. चेहरा कोरा ठेवायचा कसा, ते वर्षभर घोटून घेतलं हो त्यांनी. तो कोरेपणा पुसायचा कसा, हे कुणी शिकवलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

दादासाठी रडायचं अजून राहिलंय.