बदलीवालीला कार्ड कशाला?

— अगं अगं, एवढा नळ नको सोडूस! करंगळीएवढी धार. करंगळी दाखव तुझी... हां, तेवढीच. जास्त सोडली की मॅडमला पार बेडरूममधून ऐकू येतं — दार लावलेलं असू दे, टीव्ही चालू असू दे, तिला ऐकू येतं. "कुसाबाई, पाणी!" आत्ता घरात नाय म्हणून, नायतर दोनदा हाक आली असती. दोघं नवराबायको टमाटे आणायला गेलेत, पंचवटीत. खाली गेटावर गाडीवाला उभा असतो रोज, पण तिकडं किलोमागं पाच रुपये कमी ना! मंग काय — चारचाकी काढायची, तासभर गर्दीत धूर सोडायचा, आन दोन किलोमागं दहा रुपये वाचवून छाती काढून घरी यायचं. पेट्रोल? ते साहेबाच्या खिशातलं गं, ते मॅडमच्या डायरीत धरत नाय. मोरीला बोळा आन दरवाजा मोकळा, तसं हाय हे घर. हसू नको, घासत राहा. मी बोलते, तू घास. एका दिवसात सगळं दाखवायचं हाय मला, उद्या सकाळची पेठची गाडी धरायचीय.

तो साबण नाय! तो नवा, तो कपाटातच राहू दे. ही बघ, ही घ्यायची. एका वडीचे मॅडम चार तुकडे करते, सुरीनं, चष्मा लावून. एक तुकडा आठ दिवस. पाव्हणे येऊ दे, गणपती बसू दे, आठ दिवस म्हंजी आठ दिवस. नवव्या दिवशी माग, आठव्या दिवशी मागशील तर म्हणेल, "मीना, साबण खातेस का गं?" मला म्हणलीय, म्हणून सांगते. चहा? मिळतो की. साहेबाला केलेल्या चहाचा चोथा असतो ना, त्यात परत पाणी घालायचं, परत उकळायचं, तो आपला. तो खिडकीत कान तुटलेला कप दिसतो का? त्यात घ्यायचा. तो बी माझा नाय म्हणा — माझ्या आधी बयाबाई होती इथं, तिचा. तिनं सोडलं काम, मंग मी धरलं. बारा वर्षं झाली. आपणहून सोडलं गं तिनं, डोळ्याला दिसत नव्हतं म्हातारीला. जाऊ दे, ती कढई घे. जळलेली बाजू राखेनं घास.

दिवाळीला साडी देते, नाय म्हणत नाय मी — पण ब्लाऊजपीस आधीच कापून घेतलेला असतो. आपण काय उघड्यानं नेसायची का साडी? आन तिकडं हॉलमध्ये ते चालायचं मशीन बघितलंस? सत्तर हजाराचं. त्याच्यावर टॉवेल वाळतात. सत्तर हजाराची वलण, बाई! मला पुसायला लावते रोज. त्या मशीनवर बसून मोबाईल बघते — त्यात कोण एक पोरगी हाय, लिपस्टिक लावून सांगत असते, घरखर्च कसा वाचवायचा, रोज एक उपाय. मॅडम डायरीत उतरवते. शेगडी दोन मिनिटं आधी बंद करा. वरणावर झाकण ठेवा. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका. अगं माझी आजी डोंगरात हेच करत होती, तिला कुणी फोनमध्ये नाय दाखवलं! आमच्याकडं काडीपेटीची काडी वाचावी म्हणून शेजारणीकडनं विस्तव आणायचो, त्याला कुणी उपाय नाय म्हणलं, त्याला दळिंदर म्हणायचे. आता ह्यांनी केलं तर हुशारी.

एक दिवशी ती पोरगी काय म्हणली माहिती का? मी इथंच होते, कुकर घासत होते. म्हणली, बारीकसारीक खर्चाच्या मागं लागू नका, आधी मोठा खर्च बघा, तो कमी करा. मॅडमनं पेन तोंडात धरलं. दूध — छे, ते कमी होत नाय. कुत्र्याचं खाणं — ते तर नाय म्हंजी नायच. मंग मान वर केली, आन बघितलं माझ्याकडं. असं बघितलं ना, जशी मी भोपळा हाय आन ती भाव करतीये. तेव्हा मी नुकतेच तीनशे वाढवून मागितले होते. तीन वर्षं साडेतीन हजारावर हाय मी — भांडी, फरशी, पोळ्या, सगळं धरून. दे नायतर नको देऊ, मला काय बी फरक पडत नाय! म्हंजी... पडतो. बाकीची दोन घरं किराण्याला जातात, आन ह्या घरावर माझ्या खोलीचं भाडं निघतं. पण तिला थोडंच दाखवायचं ते?

पण बघ हां, माणूस बदलतं. दर साली भाताच्या आवणीला आठ दिवस गावाला जाते तर मेली आठ दिवस कापून घेते. यंदा महिना मागितला. माझी तेजस्विनी पोटुशी हाय, पहिलं बाळंतपण, तिची सासू नाय, मला गेलंच पाहिजे. म्हटलं आता ही आकाशपाताळ एक करील. तर कसलं काय — "जा कुसाबाई, पोरीजवळ राहा, घाई करू नको." वर गुळाची ढेप दिली! मी तर बाई चाटच पडले. रात्री खोलीवर जाऊन म्हटलं, बारा वर्षं उगाच शिव्या घातल्या बिचारीला. आता महिनाभर तू सांभाळ. आपल्या बायकांचा नियम माहिती असंल तुला — बदलीवर जायचं, त्याच भावात करायचं, आन बाई परत आली की घर परत करायचं. कुणी कुणाचं घर खायचं नाय. गेटावर सगळ्या पाळतात.

अगं, ते गळ्यातलं वर घे, पाण्यात लोंबतंय. ओलं झालं बघ. काय हाय ते — कार्ड? ओढणीत काय लपवतेस, बघू. निळं? माझ्या सोसायटीच्या कार्डासारखंच की. वॉचमननं, गोरक्षनं दिलं गेटावर? पण गोरक्ष तर बदलीवालीचं नुसतं वहीत नाव लिहितो. कार्ड वर्षाचं असतं... त्याला फोटो लागतो, दीडशे रुपये लागतात. दीडशे कुणी भरले? तू भरलेस? मान हलवू नको नुसती — कुणी भरले, मॅडमनं?

थांब. हात थांबव जरा. नळ बंद कर.

ही बाई. साबणाच्या वडीचे चार तुकडे करणारी. दहा रुपयांसाठी पंचवटी गाठणारी. ही महिनाभराच्या बदलीवालीसाठी दीडशे रुपये भरील? नाय भरणार. मेली तरी नाय भरणार. बारा वर्षं ओळखते मी तिला, तिच्या आईपेक्षा जास्त ओळखते. वर्षाचं काम असल्याबिगर ती वर्षाचं कार्ड काढणार नाय. आन मी येडी, गूळ घेऊन पाया पडले तिच्या!

केवढ्यात धरलंस? सांग ना. साडेतीन? नाय, साडेतीनला कशाला काढील ती मला. तीन? त्याच्या बी खाली? बोटं कसली दाखवतेस, तोंड नाय का — अठ्ठावीसशे! अगं सातशे रुपये उतरलीस? लाज नाय वाटली? तुझा नवरा घरी बसलाय, मला माहिती हाय, गोरक्षनं सांगितलं, सायखेड्याहून पोरंबाळं घेऊन आलात. मंग काय दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं? माझी पोर तिकडं दिवस मोजतीये आन तू इथं माझ्या जागी उभी राहून माझ्याच तोंडून शिकून घेतीयेस — धार केवढी, साबण कुठला! आपल्यातच असल्या निघाल्यावर मॅडमला कशाला नावं ठेवायची? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. बयाबाईनं बी मला हेच...

काय नाय. काय म्हणले मी? काय नाय.

हो, म्हणली. बयाबाई म्हणली मला. इथंच, ह्याच मोरीपाशी. झालं समाधान? तिनं सोडलं नव्हतं काम. डोळ्याचं ऑपरेशन होतं, पंधरा दिवसांसाठी मला उभं केलं, सगळं दाखवलं — कुठली कढई, कुठलं फडकं. आन मी आधीच जिन्यात मॅडमला बोलून ठेवलं होतं, तिच्यापेक्षा दोनशे कमी द्या म्हणून. तेजी तेव्हा शाळेत होती गं. वह्या आणायच्या होत्या. बयाबाईला कळलं, तर म्हातारी भांडली नाय. एवढंच म्हणली, "कुसे, मॅडम आली की सांग, बयाबाईच्या भावातच करीन. तेवढं सांग. मंग ती मला ठेवील." मी काय केलं? लादीकडं बघत बसले. कप तिथंच राहिला तिचा. मला नवा कुठं आणला मॅडमनं! तुला बी नाय आणायची.

लिफ्ट वाजली बघ. आलेत. ऐक मीना, आत्ता येईल ती टमाटे घेऊन. तिला सांग — कुसाबाईच्या भावातच करीन, साडेतीन हजार. अठ्ठावीसला नाय परवडत म्हण. तेवढंच म्हण. मंग तिला बदलून काय मिळणार? मी महिन्यानं येते, तुला दुसरं घर मी मिळवून देते, आईशप्पत देते. बोलशील ना?

मीना. वर बघ ना माझ्याकडं.

बघ. लादीकडंच बघ. जा, बेल वाजली. दार उघड.