भोंग्याखालचं घुबड

भोंगेवाला : हसतेस काय? कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणूनच आजवर बोललो नव्हतो. पण इंग्रजीतला तो ‘हूट’ माझ्या भोंग्यातून निघालाय!

बायको : सरांनी आज वर्गात वेगळंच सांगितलं.

भोंगेवाला : सांगणारच. साठीतल्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवणारा माणूस काय वाटेल ते सांगेल.

बायको : ‘हूट’ म्हणजे घुबडाचं घुमणं. आवाज काढून बघा, तोच शब्द होतो. पण आधी म्हणे तो माणसांचाच होता. शेकडो वर्षांपूर्वी नावडत्या माणसाला लोक हूऽहूऽ करून हुसकायचे. घुबडाला तो नंतर मिळाला.

भोंगेवाला : मिळाला कुणामुळे? कारखान्याच्या भोंग्याखाली एक घुबड राहायचं. जन्माचं मुकं. एकदा सकाळपाळीला वाफ कमी पडली, माझा भोंगा मधेच बसला, आणि उरलेला सूर त्या पठ्ठ्याने पुरा केला! कामगार वेळेवर आत. मॅनेजरने त्याला रोज एक उंदीर मंजूर केला. तेव्हा आलेला गोरा इंजिनियर तो आवाज ऐकून शब्द घेऊन गेला.

बायको : शेकडो वर्षांपूर्वी?

भोंगेवाला : बोटीने गेला ना तो. मागेपुढे होतं.

बायको : पुरे झालं. चार दिवस सांगतेय, उद्या संध्याकाळी सर आम्हा सगळ्यांना तळ्यापलीकडे खरं घुबड ऐकायला नेणार आहेत. तुमचं जेवण झाकून ठेवीन.

भोंगेवाला : सगळ्यांना? मागच्या खेपेला ‘सगळे’ म्हणजे तू, तो आणि ती ठार बहिरी शिंपीणबाई! वर तुझे उच्चार गोड आहेत म्हणाला.

बायको : चांगले आहेत म्हणाले.

भोंगेवाला : एवढा संसार झाला, मला कसे नाही कधी ऐकू आले ते उच्चार?

बायको : तुम्ही बोलायचं थांबलात तर येतील ना!

भोंगेवाला : ...बरं. पण तळ्यावर जाऊन उपयोग नाही. तिथल्या घुबडाने बिऱ्हाड हलवलं. आता ते आपल्या गच्चीवर येतं. परवा ऐकलंस, काल ऐकलंस. मी चहा करतो, दोघं गॅलरीत बसू. घरबसल्या घुबड!

बायको : ऐकलं खरं. तुम्ही कुठे होतात तेव्हा?

भोंगेवाला : मी? टाकीतलं पाणी बघायला वर गेलो होतो. हाताच्या अंतरावर होतं गं! हे एवढे डोळे! उद्याही येणार, दिवे लागले की. माझा शब्द.

बायको : अहो, काल तुमचं ते घुबड तिसऱ्यांदा घुमताना ठसकलं. मग खोकलं, आणि ‘आई गं’ म्हणालं. उद्या मफलर बांधून चला माझ्याबरोबर. तळ्याकाठी गारठा असतो.