दारामागची झावळी

राखेच्या बुधवारी चर्चमधल्या रांगेत दोघी जावा कुजबुजत होत्या.

"दारामागची झावळी दिलीस ना गं जाळायला?"

"नाही, जाऊबाई."

"अगं, गेल्या वर्षी चर्चमधून घरोघरी नेलेल्या झावळ्यांचीच तर ही राख!"

"माहीत आहे हो. पण ती यांनी स्वतः खोवली होती. यांना मातीत ठेवून आले, आता तीही आगीत घालू?"

"मग ठेव जपून. झुरळांची तरी सोय होईल."

"जाऊबाई!"

"रागावू नकोस. दिली असतीस, तर आज तुझ्या कपाळावर आली असती."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

फादरांनी धाकटीच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला. "तू माती आहेस, मातीतच परत जाशील."

"लागली का गं नीट?"

"लागली. लोकांच्या घरची."