कवळी बसल्यावर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या बाई आणि नुकतीच कवळी बसवलेली म्हातारी बसल्या होत्या.

“मावशी, आता तुमच्या बोलीतला एकेक उच्चार स्वच्छ रेकॉर्ड होईल. फक्त गप्पा मारायला ती बोली येणारं दुसरं कुणी हवं होतं.”

“आहे की. धाकटी बहीण.”

“मग ‘ही बोली बोलणारी मी एकटीच उरले’ असं का सांगितलंत?”

“तीन वर्षं अबोला आहे. माझ्या बोळक्या तोंडाला हसली होती मेली. लावा फोन, चांगली फैलावर घेते तिला.”

“तुमच्या बोलीत?”

“भांडण काय परक्या भाषेत करू?”

बाईंनी घाईघाईने रेकॉर्डर काढला. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

तेवढ्यात शिंप्याचा नंबर पुकारला.

“पुढच्याला पाठवा,” गाल धरूनच तो म्हणाला.