उरलेला अर्धा रंग

— तर स्प्रे गनमधून निघालेला रंग अर्धाच गाडीवर बसतो, साहेब, मग उरलेला अर्धा जातो कुठे? सांगा ना. तुम्ही शिकलेले आहात, कोथरूडला राहता, दिवसभर कंप्युटरवर बसता. नाही माहीत? कोणालाच माहीत नसतं. सातवीत सरांना विचारलं, सर म्हणाले खाली बस. रंगाच्या दुकानदाराला विचारलं, तो नुसता हसला. भाईला विचारलं — शहेजाद, माझा मोठा भाई, हे गॅरेज त्याचंच, पाटीवर बघा, नाव त्याचंच आहे अजून — भाई म्हणाला, हवेत जातो, तू टेप नीट लाव. हवेत जातो म्हणे! जसं हडपसरच्या हवेला तेवढंच कमी पडत होतं. असो. तुम्ही गाडी दाखवायला आणलीत, मी बघितली, घेऊ नका म्हणालो. विषय संपला.

आता काय? मीटर? अहो, ठेवा तो रंगाची जाडी मोजायचा मीटर खिशात. व्हिडिओ बघून मागवलाय ना? मीटर म्हणतो रंग कंपनीचा — म्हणू दे, मीटरला कान आहेत का? हे ऐका. ही डावी बाजू — टण्ण. आता ही उजवी, मागची. ऐकलंत? नाही ऐकलंत. इथे आवाज जरा बसका येतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. पुट्टी नाही. पुट्टी भरली असती तर तुमच्या मीटरनेच बोंब मारली असती. पत्रा आतून ठोकून सरळ केलाय, जुना रंग पार उतरवलाय, आणि नवा कंपनीएवढाच पातळ मारलाय. असं काम करणारा माणूस पुण्यात — जाऊ दे. ठोकलेली गाडी आहे. घेऊ नका.

आणि हवी कशाला तुम्हाला? शनिवार-रविवार फिरायला? अहो, चांदणी चौक ओलांडेपर्यंत तुमचा शनिवार संपेल. दोन सीटची गाडी — तुम्ही बसलात, वहिनी बसल्या, आई कुठे बसणार, डिकीत? जमिनीपासून चार बोटं वर आहे ही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघितलेत ना, एकेक समाधी बांधल्यासारखा? पहिला तुमच्या सोसायटीच्याच गेटवर असेल, तिथेच पोट घासेल. छत उघडून ताम्हिणीला जायचंय? जा की. मी कोण अडवणारा? पण मग माझ्याकडे कशाला आलात, दुसरा कोणीही सांगेल एकदम मख्खन गाडी आहे साहेब, डोळे मिटून घ्या.

भाईचं नाव ऐकून आलात. हां. सगळे त्याचंच नाव ऐकून येतात. रोज दोघं-तिघं. शहेजाद आहे का? नाही म्हटलं की विचारतात, कधी येईल? त्याला दफन करून चाळीस दिवस झाले, परवा चाळिसावा झाला त्याचा. काय सांगू, कधी येईल?

नाही हो, तुमची काय चूक. बसा. ती खुर्ची नको, ती त्याची — बसा, बसा. खुर्ची आहे. कोणीतरी बसायलाच पाहिजे.

एजंट काय म्हणतो? अपघात झालेलाच नाही? लिहून देतो? बरं. मग लिहिलेलंच दाखवतो. डिकी उघडा. खालचं कार्पेट उचला — उचला, चावत नाही. स्टेपनीच्या उजव्या बाजूला टॉर्च मारा. दिसलं? थांबा, मीच सांगतो, पाठ आहे मला. ‘मागची उजवी बाजू ठोकली होती. पत्रा सरळ केला. पुट्टी नाही. चासीला धक्का नाही.’ अक्षर माझं. भाईला लिहिता येत नव्हतं, मी सातवीपर्यंत गेलेला, म्हणजे घरातला विद्वान मीच. तो सांगायचा, मी मार्करने लिहायचो. प्रत्येक गाडीत. एजंट म्हणायचे असं काम कर की कोणाला कळता कामा नये — तो करायचा तसंच, कोणाला कळायचं नाही, आणि मग आतून सगळं लिहून ठेवायचा! मी डोक्याला हात लावायचो. म्हणायचो, भाई, हे कोण वाचणार आहे? तो म्हणायचा, उद्या जो कारागीर हा पत्रा उघडेल तो वाचेल, त्याला नको का कळायला खाली काय आहे ते? आणि खाली सहीच्या जागी अंगठा. प्रायमरमध्ये बुडवून. तो बघा करडा. एकेक रेघ मोजून घ्या.

हात लावू नका!

— ओरडायचं नव्हतं मला. तुमच्या बोटाला घाम असतो, एवढंच. गाडी आत आली तेव्हाच ओळखली होती मी. नंबर नाही बघितला, लाल बघितला. हा लाल डब्यात मिळत नाही. भाई तीन रंग मिसळून, उन्हात नेऊन, सावलीत आणून, असा डोळे बारीक करून जुळवायचा.

खालची ओळ? ती पण वाचलीत. ‘उजवं दार खांबाला घासलं. परत रंगवलं.’ हो, तेवढंच आहे. कोणी घासलं ते नाही लिहिलेलं. त्याचं काय करायचंय तुम्हाला? दार चांगलं आहे ना? उघडून बघा, लावून बघा — मी घासलं. झालं समाधान? गेल्या वर्षीचा मे. गाडी तयार होती, सोमवारी मालक येणार होता, रविवारी भाई अम्मीला घेऊन बिबवेवाडीला गेला आणि किल्ली तिथे खिळ्याला. तुम्ही काय केलं असतं? तुम्ही नसतं केलं. मी छत उघडलं, गॉगल लावला, सासवड रोडने दिवे घाटापर्यंत. काय वारा होता, साहेब! लोक वळून वळून बघत होते. मला. परत येताना ह्या गेटातून आत घेतली — ह्या गाडीत बसलं की बाजूचं काही दिसत नाही, ते पण लक्षात ठेवा — आणि त्या खांबाला. तो बघा, खांबावर लाल आहे अजून. पुसायला होत नाही.

मारेल असं वाटलं. मारायला पाहिजे होतं त्याने. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला टेप आण. आता हे मी तुम्हाला का सांगतोय, मला माहीत नाही. डॉक्टरने त्याला रंगाजवळ जायचं नाही असं बजावलं होतं. जिना चढताना दम लागायचा, दोनदा बसायचा. ही गाडी शेवटची, असा मिसबाभाभीला शब्द दिला होता त्याने. आणि ती झाली होती हो! झाली होती! मी म्हणालो मी मारतो दार, तर म्हणाला तुझ्या हाताला हा लाल जुळणार नाही, सोमवारी मालक येईल, त्याला काय सांगू. खरं होतं ते. नसता जुळला. धूळ बसू नये म्हणून शटर खाली. पंखा बंद. मास्कची जाळी संपलेली, रविवारी दुकान बंद, तोंडाला ओला रुमाल बांधला. मला म्हणाला, तू बाहेर थांब, तुझं काम नाही आत. दोन तास मी शटरच्या बाहेर उभा होतो, खोकला मोजत. बाहेर आला आणि म्हणाला, चल, लिही. मी लिहिलं, ‘तन्वीरने’ — तेवढ्यात त्याने हात धरला. कोणी ते नको लिहू, म्हणाला. कारागिराला त्याचं काय काम?

त्यानंतर तरी काम सोडेल असं वाटलं. नाही सोडलं. शब्द एकदा मोडला, आता काय, म्हणाला. पुढे वर्षभर रंग मारत राहिला. मोडला कोणी? त्याने?

ऐका आता. गाडी चांगली आहे. मघाशी खोटं बोललो. ती रोज रस्त्यावर दिसायला नको म्हणून बोललो. चासी सरळ आहे, इंजिन थंड असताना एका झटक्यात लागलं, धूर नाही. टायर जुने झालेत, कडक पडलेत, तेवढे बदला, मग घाटात जा. घ्या. हिच्यावर शहेजादचा हात आहे, घ्या.

काय म्हणालात?

आतलं लिहिलेलं पुसता येईल का. पुढे विकताना अडचण नको म्हणून. हां. बरोबर आहे तुमचं, व्यवहाराचं बोललात. येईल ना. थिनरने सगळं निघतं. बाटली ती समोर, फडकं खिळ्याला आहे. पुसायचं तर तुम्हीच पुसा, कार्पेट नीट बसवा आणि निघा. मी नाही पुसणार. मी एकदा पुसलंय.

भाईला शेवटची आंघोळ घालताना कादरचाचा म्हणाले, नखांवर रंग आहे, पाणी नखापर्यंत पोचायला पाहिजे. नऊ दिवस दवाखान्यात होता तरी तसाच, वर पांढरा, खाली निळा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पळत इथे आलो, हीच बाटली नेली. एकेक बोट. उजवा अंगठा सगळ्यात शेवटी. वास खोलीभर झाला, तोच वास. म्हणून मी एका हाताने पुसत होतो आणि दुसरा हात त्याच्या नाकावर धरला होता. चाचा म्हणाले, अरे, आता कशाला. मी नाही काढला हात. दहाही बोटं होईपर्यंत धरून ठेवला.