फरशीखालचे दगड

डोळखांबच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरणा माणूस बोलत होते.

“सुदाम, नदीवरच्या फरशी पुलाची कड आनखी खचली का रे?”

“खचली गो, तानीकाकी. फरशीवरनं पडनारं पानी खालची माती खात चाललंय. खाली दगड व्हते तवर माती टिकली व्हती.”

“ते दगड आपनच देवळाच्या चौथऱ्याला नेले.”

“आता परत नेऊन रचू म्हनलं, तर गाव नाय म्हनतो. म्हनं देव कोपंल.”

“गेल्या पावसात माजी नात रविना त्याच कडेवरनं व्हावून गेली. तवा देव त्याच दगडांवर बसला व्हता.”

“पन चौथऱ्याला पयला हात कोन लावनार, काकी?”

“सकाळी पहार घेऊन ये. पयला दगड मी काढते.”